गल्लीची नोंदवही : कोल्हापूर परिसरातील टाळता येणाऱ्या इजा

बावड्याचा वाचक (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

एखादे मूल विहिरीत पडते, एखाद्या आजी न्हाणीघरात घसरतात आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडते, अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. चार दिवस हळहळ होते, 'काळ आला होता' असे म्हटले जाते आणि विषय मिटतो. मला हे मान्य नाही. या घटनांची जागा, हंगाम आणि घडण्याची रीत बहुतेक वेळा आधीच सांगता येते, कारण त्या त्याच वळणावर, त्याच महिन्यांत आणि त्याच प्रकारे पुन्हा पुन्हा घडत असतात. जे आधी सांगता येते त्यातले पुष्कळसे अडवताही येते; मात्र त्यासाठी माणसांना 'जपून राहा' असे बजावत बसण्यापेक्षा त्या जागेत किंवा त्या वस्तूत काहीतरी बदलावे लागते.

विल्यम हॅडन हे डॉक्टर १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या रस्ता-सुरक्षा विभागाचे पहिले प्रमुख झाले. इजेकडे पाहण्याची त्यांची पद्धत साधी आहे : घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर, अशा तीन टप्प्यांवर माणूस, वस्तू आणि परिसर यांपैकी कशात काय वेगळे असते तर इजा टळली असती किंवा निदान सौम्य झाली असती, हे विचारायचे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस जुन्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी शेजारचा नवा पूल अर्धवट अवस्थेत उभा होता. चालकाचे काय चुकले एवढेच विचारले तर उत्तर एका माणसापाशी येऊन थांबते. हॅडन यांच्या रीतीने विचारले तर प्रश्न वाढत जातात : ब्रिटिश काळात बांधलेल्या त्या अरुंद पुलाचा कठडा आजच्या वाहनाचा धक्का पेलण्याजोगा होता का, पुलाच्या तोंडाशी वेग कमी करायला भाग पाडणारे काही होते का, रात्री पुलाची कड दिसावी इतका उजेड होता का, आणि नदीत उतरून माणसे बाहेर काढण्यासाठी दोर, बोट आणि दिवे किती वेळात पोचू शकत होते. यांतल्या एकेका प्रश्नाचे उत्तर आधी शोधले गेले असते, तर पुढचे चित्र वेगळे असू शकले असते.

दुसरे उदाहरण स्वीडनमधल्या फाल्शोपिंग या लहान शहराचे आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस दवाखान्यात येणारी प्रत्येक इजा कुठे आणि कशी झाली याची नोंद सुरू झाली, आणि त्या नोंदींवरून शाळा, कारखाने व घरे यांतली कामे ठरवली गेली. काही वर्षांतच घरातल्या, कामावरच्या आणि रस्त्यावरच्या इजा सुमारे पाव हिश्शाने घटल्या. पुढे याच अनुभवातून 'सुरक्षित समुदाय' ही कल्पना जगभर गेली. त्या यशाच्या मुळाशी नोंदवही होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे अशी नोंद ठेवू शकेल अशी संस्था प्रत्येक पेठेत आहे, ती म्हणजे तालीम मंडळ, गल्लीतल्या आखाड्याभोवती जमलेले पोरांचे मंडळ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे मंडळाच्या पोरांना माहीत होते. ज्यांना एवढे माहीत असते, त्यांना गल्लीत कुठे कोण पडले, भाजले किंवा बुडता बुडता वाचले, हेही माहीत असते. ते लिहून ठेवले जात नाही, एवढेच.

नोंदवहीतली पहिली ओळ मीच सुचवतो : कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येण्याजोग्या फळ्या, काढले जातात, पाणी चढले की बंधारा पाण्याखाली जातो, आणि यांतल्या अनेक बंधाऱ्यांवरून दोन गावांची ये-जाही चालते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. त्यामुळे 'अजून इशारा पातळी आलेली नाही' असा धीर धरून लोक गाडी पाण्यात घालतात. पण बंधारे त्या पातळीच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलेले असतात. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक चारचाकी गाड्या वाहून नेऊ शकते. बंधाऱ्याच्या दोन्ही तोंडांना कुलपाचा आडवा लोखंडी दांडा आणि रंगवलेली मोजपट्टी असावी, आणि किल्ली कोणाकडे आहे हे दोन्ही गावांना माहीत असावे. याला फार मोठा निधी लागणार नाही.

आपापल्या भागातल्या जागा आणि उपाय कृपया लिहावेत.

कागलचे मास्तर

अतिशय आवश्यक विषय आहे. पाण्यापासूनच पुढे जातो.

आमच्या भागात जुन्या विहिरी जमिनीच्या पातळीला उघड्या आहेत. कडेला गवत माजले की काठ कुठे संपतो हे मोठ्यांनाही कळत नाही. अलीकडे त्यांत शेततळ्यांची भर पडली आहे, आणि माझ्या मते शेततळे विहिरीहून अधिक फसवे आहे. वरून ते उथळ आणि शांत दिसते, पण प्लॅस्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही, त्यामुळे पोहता येणारा माणूसही काठ हातात असून बाहेर येऊ शकत नाही. उपाय मात्र स्वस्त आहे. भोवती तारेचे कुंपण आणि बंद होणारे फाटक असावे. शिवाय चारही बाजूंनी काठावरच्या खुंटाला पक्के बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत. जुने टायर एकमेकांना बांधून शिडीसारखे सोडले तरी चालतात. तळ्यासाठी कागद घेताना हा दोरही त्याच खर्चात धरावा, असे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो.

पोहणे शिकवण्याबद्दल दोन मते ऐकू येतात. पूर्वी पाठीला डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून काका-मामांच्या नजरेखाली विहिरीत पोहणे शिकवले जाई, आणि ते शिक्षण मुलाला जन्मभर पुरे. शाळकरी मुलांसाठी ती रीत पुन्हा, अधिक काळजीने, सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली आणि त्यांतली जवळपास पाव पाच वर्षांखालची मुले होती. एवढ्या लहान मुलांना पोहण्याचा धडा उपयोगी पडत नाही. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये आडोसा हवा, आणि त्यांच्यावर कोणाची तरी नजर हवी.

ही नजर नसते कुठे, तर उसाच्या फडात. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. आई-वडील पहाटेपासून कोयता चालवत असतात आणि दोन-तीन वर्षांचे मूल बांधावर, नाहीतर गाडीच्या सावलीला असते. शेजारी पाट असतो, विहीर असते, मागे येणारा ट्रॅक्टर असतो. बांगलादेशात खेडोपाडी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत चालणारी पाळणाघरे काढली गेली, कारण आया कामात असताना, याच वेळेत, मुले अधिक बुडत होती; त्या पाळणाघरांत जाणाऱ्या मुलांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत फार मोठी घट झाली. आपल्याकडे कारखान्याच्या तळावर एक कुंपण घातलेली सावली आणि टोळीतलीच एक बाई हजेरी देऊन मुलांपाशी बसवली, तर हेच काम होईल. तिची हजेरी कोणी द्यायची यावर वाद होतील, ते व्हावेत. पण वाद मिटेपर्यंत मूल बांधावर राहू नये.

मंगळवार पेठ

धागाकर्त्यांशी मी अंशतः असहमत आहे. जागा बदलायच्या, दांडे लावायचे, दोर सोडायचे हे सगळे योग्यच आहे, परंतु मूळ दोष बेशिस्तीत आहे. हेल्मेटची सक्ती होणार म्हटले की आपल्या शहरात विरोध सुरू होतो. एका दुचाकीवर तिघे बसतात, उलट दिशेने गाड्या येतात. लोकांनाच जिवाची किंमत नसेल तर कठडे बांधून काय साधणार? आधी प्रबोधन व दंड, आणि मग बाकीचे, असा क्रम मला योग्य वाटतो.

बावड्याचा वाचक (धागाकर्ता)

आपला मुद्दा गांभीर्याने घेऊन उत्तर देतो. शिस्त हवीच, आणि हेल्मेटच्या बाबतीत दंडाचाही उपयोग होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार ते बंधनकारक आहे. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतून दिसले आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांनाही हेल्मेट व चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि मूल बसलेले असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तरीही आपल्या शाळांसमोर त्याचे पालन जवळजवळ दिसत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तरी क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे, आणि कारण उसाच्या ट्रॉलीचे देतो. हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर वाहतूक चालते. उसाच्या मोळ्या मागच्या बाजूने बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या आड दिवे झाकले जातात. टायर फुटला की ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते, मागे खबरदारी म्हणून दगड मांडले जातात, ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. त्या रस्त्याने रात्री जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराने दर रात्री सावध राहावे, अशी अपेक्षा आपण करू शकतो. पण माणूस थकतो, समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने दिपतो, घाईत असतो. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ठळक परावर्तक पट्टी लावली तर ती समोरच्याची शिस्त न तपासता प्रत्येक रात्री आपले काम करते. दगडांच्या जागी रंगवलेले लाकडी ठोकळे दोरीने ट्रॉलीलाच बांधलेले असतील तर ते रस्त्यावर मागे राहणार नाहीत. हंगाम सुरू होताना कारखान्याच्या गेटवर पट्टी नसलेल्या ट्रॉलीची पावती फाडायची नाही, एवढा एक निर्णय झाला तरी शेकडो वाहने एकाच आठवड्यात सुधारतील. चुकणे हा माणसाचा स्वभाव आहे असे धरून चालावे आणि चुकल्यावर त्याचा जीव जाऊ नये अशी व्यवस्था करावी, असे मी मानतो.

करवीरचे गुऱ्हाळघर

ट्रॉलीबद्दल पूर्ण सहमत आहे. आमच्या धंद्यातले सांगतो, कारण ते बाहेर फारसे बोलले जात नाही.

गुऱ्हाळावर दोन जागा धोक्याच्या असतात, चरक (उसाचा रस काढणारे यंत्र) आणि काहील (रस आटवण्याची मोठी कढई). चरकात ऊस घालणाऱ्याचा हात मोळीबरोबर ओढला जातो. पदर, ओढणी, सैल बाही किंवा हातात गुंडाळलेले फडके हे त्याचे नेहमीचे निमित्त असते. ऊस सरकवण्याची पन्हळ इतकी लांब असावी की हात कितीही पुढे केला तरी तो रोलरपर्यंत पोचू नये, आणि मोटार बंद करण्याचे बटण ऊस घालणाऱ्याला बसल्या जागी हाताला लागावे. बहुतेक ठिकाणी ते बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मीटरपाशी असते. हात अडकलेला माणूस तिथपर्यंत कसा जाणार? कडबा कुट्टीलाही हेच लागू आहे. मळणी यंत्रासाठी तर १९८३ चा धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा आहे.

काहिलीतला पाक गूळ होण्याच्या वेळी सुमारे ११५ ते ११८ अंशांपर्यंत तापलेला असतो, म्हणजे उकळत्या पाण्याहून बराच अधिक. शिवाय तो अंगाला चिकटतो, त्यामुळे पाणी सांडून भाजते त्याहून जखम खोल होते. काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे पाक निववण्याच्या उथळ जागेत, पाक ओतताना जमीन कोरडी असणे आणि वाटेत कोणी नसणे यावर सगळे अवलंबून असते. आम्ही काहिलीपासून वाफ्यापर्यंतची वाट चुन्याच्या पट्ट्याने आखली आहे. पाक उतरवताना त्या पट्ट्याच्या आत गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) आणि त्याच्या हाताखालची माणसे सोडून कोणीही येत नाही, मालकही नाही. रस प्यायला येणाऱ्या पाहुण्यांची आणि मुलांची बसायची जागा चुलवाणापासून दूर, कठड्याच्या पलीकडे केली आहे. ज्यांचे गुऱ्हाळ सहलीच्या लोकांसाठी खुले असते, त्यांनी तरी हे तातडीने करावे.

परिचारिका, शाहूपुरी

दादांनी भाजण्याचा विषय काढला म्हणून आधी तेच लिहिते. भाजल्यावर पहिली गोष्ट म्हणजे वाहते थंड पाणी, आणि तेही सलग वीस मिनिटे. त्यात बर्फ नको. पेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. पेस्ट लावलेल्या जखमेची खोली आम्हाला आधी ती खरवडून काढल्याशिवाय दिसत नाही, आणि खरवडताना त्या लेकराला जे सोसावे लागते ते पाहवत नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये.

आता ज्याविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते लिहिते : न्हाणीघरातला गॅस गिझर. आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीघर जिन्याखाली, बिनखिडकीचे असते, आणि थंडीत दार घट्ट लावून आंघोळ केली जाते. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, चक्कर येते, पाय लटके पडतात, आणि ज्या क्षणी बाहेर यावे असे सुचायला हवे त्या क्षणी विचार करण्याची शक्तीच गेलेली असते. बाहेरच्यांना वाटते की आंघोळ लांबली आहे. तरुण, निरोगी माणसे अशी गेलेली आहेत. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. नळाचे काम करणारे आपल्याच पेठेतले असतात. आत गिझर बसवणार नाही असे त्यांनी ठरवले तर एका हिवाळ्यात फरक पडेल. कडी आतून लागली तरी बाहेरून उघडता येईल अशी असावी.

थोडक्यात आणखी दोन गोष्टी. तणनाशक आणि कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. मुले रंग आणि बाटली पाहून पितात. आणि शेतात साप चावल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ न घालवता, चावलेला अवयव हलू न देता, थेट सर्पदंशावरील लस असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून बरोबर आणण्याची गरज नसते.

उद्यमनगरचा फिटर

कारखान्यांतले लिहितो. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे बोटे आत राहूच शकत नाहीत. पण नगावर मजुरी असली की एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवले जाते, कारण त्याने वेग वाढतो. बोट गेले की कामगाराला निष्काळजी ठरवले जाते. मंगळवार पेठ यांनी शिस्तीबद्दल लिहिले आहे. माझी विनंती आहे की शिस्त मागताना मजुरीची रीतही पाहावी. फौंड्रीत ओल्या साच्यावर किंवा ओल्या जमिनीवर वितळलेले लोखंड पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. तरीही पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली ओतकाम चालते. पत्रा दुरुस्त करणे हे मालकाचे काम आहे, कामगाराने जपून राहण्याचा तो विषय नाही.

मंगळवार पेठ

फिटर यांचा मुद्दा मी मान्य करतो; नगावरच्या मजुरीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. एक प्रश्न आहे. रस्त्यावर पडलेल्याला उचलले तर पोलिसांच्या मागे फेऱ्या माराव्या लागतील या भीतीने लोक पुढे येत नाहीत. त्याचे काय? आणि नोंदवहीत नेमके काय लिहायचे?

बावड्याचा वाचक (धागाकर्ता)

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ वर फोन करणे, मान वाकडी न करता जखमीला स्थिर ठेवणे आणि वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे एवढे तरी प्रत्येक मंडळातल्या पोरांना आलेच पाहिजे. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारण्याऐवजी दोर, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा, हेही त्यातच शिकवावे. कारण वाचवायला गेलेला बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

नोंदवहीत नाव लिहू नये. वय, जागा, वेळ, काय करताना झाले, कोणती वस्तू निमित्त ठरली आणि त्या जागी नंतर काय बदलले, एवढे पुरे. शेवटचा रकाना मोकळा राहिलेल्या ओळी दर महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचाव्यात.

परिचारिका, शाहूपुरी

त्यात एक भर घालावी असे सुचवते. इजा झाली नाही पण थोडक्यात टळली, अशाही घटना लिहाव्यात : जिन्याचा दोर हातातून सुटला पण खालची पायरी सापडली, गिझरने चक्कर आली पण दार उघडे होते. अशा घटना प्रत्यक्ष इजांपेक्षा कितीतरी अधिक असतात, आणि कोणाला दोष द्यायचा नसल्यामुळे लोक त्या मोकळेपणाने सांगतात. वृद्धांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. 'परवा जरा तोल गेला होता' हे आजोबा मुलाला सांगत नाहीत, घराबाहेर पडणे बंद होईल म्हणून. पण शेजारच्या पोराला सांगतात. त्या एका वाक्यावरून न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री पायाशी दिवा आणि डॉक्टरांकडून रक्तदाबाच्या गोळ्यांची तपासणी, एवढे त्याच आठवड्यात होऊ शकते.

कागलचे मास्तर

ताईंची सूचना नोंदवहीत घ्यावी. आमच्या गावाच्या बंधाऱ्याच्या दांड्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडण्यासाठी मी अर्ज लिहितो आहे. पलीकडच्या गावातले कोणी इथे वाचत असेल तर त्यांनीही तसाच अर्ज द्यावा, कारण दांडा एकाच तोंडाला लावला तर दुसऱ्या तोंडाने येणारी गाडी बंधाऱ्याच्या मध्यावर येऊन अडकेल. किल्ली पाटबंधारे खात्याच्या माणसाकडे एक आणि दोन्ही गावांच्या पोलीस पाटलांकडे एकेक असावी, असे मी अर्जात लिहितो आहे. करवीरच्या दादांनी चुन्याच्या पट्ट्याचे छायाचित्र इथे टाकले तर ते मी आमच्याकडच्या गुऱ्हाळांना दाखवीन.